जेसीबी, पोकलेन आणि आमची बंडी

वाचकांचे प्रश्न : यंत्रं आणि त्यांची घराणी

दिवाळीपासून आमच्या लेआउटमधला रस्ता खोदून ठेवला आहे. ड्रेनेजची लाइन टाकताहेत. सकाळी आठला यंत्र सुरू झालं की माझा चहा गार होतो, कारण मी कप हातात घेऊन फाटकात उभा. बायको म्हणते, "चाळीस वर्षं तेच तर पाहून राहिले, अजून मन नाही भरलं?" नाही भरलं. वाचकांचंही भरलेलं दिसत नाही. या खेपेच्या पत्रांत पाच पत्रं खोदकामाच्या यंत्रांवरच आली. म्हणून पाण्याचे पंप, पिठाच्या चक्क्या आणि शिलाई मशिनी यांची पत्रं पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवली आहेत, रागावू नये.

प्रश्न : मी मराठीची निवृत्त शिक्षिका. सहावीतल्या नातीनं निबंधात लिहिलं, "आमच्या गल्लीत तीन जेसीबी आले, त्यातला एक कॅटरपिलरचा होता." मी खाली लाल रेघ मारली. ती म्हणते, आजोबाही असंच बोलतात. जेसीबी हे विशेषनाम की सामान्यनाम? आणि या तीन अक्षरांचा अर्थ काय? — एक वाचक, मानेवाडा

बाई, रेघ खोडून टाका. नातीचं वाक्य कंपनीच्या वकिलाला चालणार नाही, पण भाषेला चालतं. आपल्या आया दुकानातून कोणतंही वनस्पती तूप आणायच्या आणि म्हणायच्या डालडाच ना? तशातली गत. इंग्रजांनीसुद्धा हा शब्द आपल्या शब्दकोशात घेऊन टाकला आहे.

तीन अक्षरं एका माणसाची. जोसेफ सिरिल बॅमफोर्ड. इंग्लंडात स्टॅफर्डशायर नावाचा परगणा आहे, तिथल्या उटॉक्सेटर गावचा. घराणं शेतीची अवजारं करणाऱ्यांचं, पण याचं घरच्या कारखान्यात जमलं नाही. मग १९४५ च्या ऑक्टोबरात, महायुद्ध संपून दोन महिनेही झाले नव्हते, त्यानं एक छोटं गॅरेज भाड्यानं घेतलं. जवळ वेल्डिंगचं जुनं मशीन, आणि कच्चा माल म्हणजे लढाईतून उरलेलं भंगार. त्यातून त्यानं पहिली वस्तू काय केली असेल? खोदायचं यंत्र नाही. ट्रॅक्टरला जोडायची, मागे उलटणारी ट्रॉली! आपल्याकडे मुरूम-रेती टाकायला असते तशी. ती त्यानं गावच्या बाजारात ४५ पौंडांना विकली, वर शेतकऱ्याची जुनी गाडी मोबदल्यात घेतली. ती मोडकी गाडी दुरुस्त केली आणि तीही ४५ पौंडांनाच विकली.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो होतो. माझे वडील मौद्याकडच्या खेड्यात बंड्या बनवायचे. पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगतो, बंडी म्हणजे बैलगाडी. बाभळीचे आरे, तुंबा, वर लोखंडी धाव. धाव तापवून लाल करायची, चाकावर चढवायची आणि लगेच पाणी मारायचं. लोखंड आवळलं की चाक करकचून बसतं. शेतकऱ्याजवळ नगद नसायचं. तो जुनी बंडी आणून उभी करी, बाबा तिचं लोखंड आणि धड असलेले आरे काढून घेत आणि तेवढी रक्कम वजा करत. म्हणजे उटॉक्सेटरच्या त्या माणसाचा आणि आमच्या बाबांचा हिशेब एकच होता. पुढे एकाच्या नावाचं यंत्र जगभर गेलं आणि दुसऱ्याचा भाता मी १९७८ साली भंगारात दिला, तो भाग निराळा.

ज्या दिवशी त्यानं धंदा सुरू केला, २३ ऑक्टोबरला, त्याच दिवशी त्याला मुलगा झाला. नाव अँथनी. १९७५ साली बाप निवृत्त झाला तेव्हा कारभार याच मुलाच्या हाती आला. कंपनी अजून त्याच घराण्याची आहे.

१९५० मध्ये बॅमफोर्डनं बिऱ्हाड रोसेस्टर गावी हलवलं, तिथे चीज बनवायचा एक बंद पडलेला कारखाना मिळाला. कंपनीचं मुख्य ठाणं आजही तिथेच. आणि १९५३ साली खरी गोष्ट घडली. फोर्डसन मेजर ट्रॅक्टरला त्यानं पुढे लोडर लावला आणि मागे खोदायचा हात. एकाच यंत्राला दोन तोंडं. पुढच्यानं भरा, मागच्यानं खोदा, आणि काम झालं की आपल्या पायांनी रस्त्यावरून घरी जा. कंपनीचं ते तिरक्या अक्षरांचं चिन्हही त्याच सालचं. आता खोदणारा हात ट्रॅक्टरमागे लावण्याची कल्पना एकट्या त्याची नव्हती. अमेरिकेत वेन-रॉय नावाची मंडळी १९४८ च्या सुमारास फोर्ड ट्रॅक्टरला तसा हात विकतच होती, आणि तिथल्या केस कंपनीनं १९५७ मध्ये दोन्ही तोंडांचं यंत्र कारखान्यातूनच एकसंध काढलं. पहिला कोण यावर दोन्हीकडचे लोक अजून भांडतात. भांडू द्या. यंत्राचं कागदावरचं नाव "बॅकहो लोडर". ते ना तुम्ही म्हणणार, ना मी.

बॅमफोर्डचं मला आवडतं ते वेगळंच. त्याच्या एका मॉडेलच्या केबिनमध्ये त्यानं विजेचं सॉकेट बसवलं होतं, कशाला? तर चहाची किटली लावायला. आणि पहिल्या गिऱ्हाइकांना किटल्या नेऊन द्यायला हा गडी स्वतः आपल्या रोल्स रॉइसमधून जायचा. ऑपरेटरला चहा लागतो हे ज्या मालकाला कळलं, त्याला अर्धा धंदा कळला. ज्या ठेकेदाराकडे मी कामाला लागलो तिथे चहा साडेदहाला एकदा यायचा, तोही डिझेलच्या वासाचा, आणि दुसरा कप मागितला की मुकादम डोळे वटारायचा. १९६४ मध्ये बॅमफोर्डनं कामगारांना अडीच लाख पौंड बोनस वाटला. शेतगाडीवर उभं राहून, एकेकाच्या हातात. बघा, पुन्हा गाडीच.

आपल्या देशात हे यंत्र आलं १९७९ मध्ये. ट्रॅक्टरवाल्या एस्कॉर्ट्स कंपनीशी भागी करून हरियाणात बल्लभगडला कारखाना निघाला. २००३ साली ब्रिटिश कंपनीनं भागीदाराचा हिस्सा घेतला आणि ती एकटी मालक झाली. मग आपल्या तळेगावला, पुण्याजवळ, दुसरं बस्तान बसलं. पुढे जयपूर आणि २०२२ मध्ये गुजरातेत हालोल. त्या उद्घाटनाला ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन आले होते आणि यंत्राच्या दाराला लटकून त्यांनी फोटो काढून घेतला होता. आज बॅकहो लोडरची जगातली सगळ्यात मोठी बाजारपेठ आपली आहे. तेव्हा नातीच्या तोंडी तो शब्द नसता तरच नवल.

नातवानं २०१९ च्या उन्हाळ्यात मला मोबाइलवर दाखवलं होतं, जेसीबीची खुदाई बघायला माणसं कशी गर्दी करतात त्यावर अख्खा देश हसून राहिला होता. मी म्हटलं, त्यात हसण्यासारखं काय आहे बाप्पा? मेट्रोचं काम चाललं होतं तेव्हा वर्धा रोडवर अर्धं नागपूर तेच करत होतं. मीही.

प्रश्न : माझी काटोल तालुक्यात संत्र्याची बाग आहे. नाला खोल करायचा आणि जमलं तर शेततळंही. एक म्हणतो जेसीबी लावा, दुसरा म्हणतो पोकलेन लावा, पैसे वाचतात. पोकलेनचा तासाचा भाव जवळजवळ दुप्पट सांगतात, मग पैसे वाचतील कसे? आणि पोकलेन म्हणजे "पोकळ करणारी लेन" असं आमचा सरपंच सांगतो, ते खरं का? — एक शेतकरी

सरपंचाला माझा नमस्कार सांगा. अशी व्युत्पत्ती सुचायला डोकं लागतं. पण खरी गोष्ट फ्रान्समधली आहे.

पॅरिसच्या ईशान्येला ल प्लेसी-बेलव्हिल नावाचं गाव आहे. तिथे जॉर्ज बाताय नावाच्या माणसानं १९२७ मध्ये शेतीच्या यंत्रांचं वर्कशॉप घातलं. पुन्हा शेतीच, लक्षात घ्या. कंपनीचं नाव "पोक्लँची वर्कशॉपं", म्हणजे मालकाचं आडनाव नाही. फ्रेंच उच्चार पोक्लँ, शेवटचा न नाकात. तो आपल्या ठेकेदारांच्या तोंडी आला आणि झाला पोकलेन, कुठे पोकलँड, आणि एका बिलावर तर मी "फोकलँड" वाचलं आहे, जणू त्या फॉकलंड बेटांसाठी अर्जेंटिनाशी लढायला निघाला आहे.

या कंपनीनं १९५१ मध्ये तेलाच्या दाबावर चालणारं, म्हणजे हायड्रॉलिक, पहिलं खोदयंत्र केलं आणि १९६१ मध्ये टीवाय ४५ नावाचं मॉडेल काढलं, जे स्वतःभोवती पूर्ण गोल फिरायचं, बुडापासून शेंड्यापर्यंत सगळं तेलावर. बाताय यांच्या मुलाच्या, पिएर यांच्या काळात कंपनीनं असा पसारा वाढवला की १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जगातलं सगळ्यात मोठं हायड्रॉलिक खोदयंत्र त्यांच्या नावावर होतं.

तेलावर चालतं म्हणजे काय, हे सांगायला मला मागे जावं लागेल. मी आयटीआय करून १९७५ मध्ये कामाला लागलो तेव्हा मोठी खोदयंत्रं तारेच्या दोरावर चालत. टाटांनी पी अँड एच या अमेरिकी कंपनीच्या सहकार्यानं बनवलेलं ९५५ मॉडेल आमच्याकडे होतं. ड्रम, ब्रेक, क्लच आणि मनगटाएवढा जाड वायररोप. बकेट खेचायची ती दोरानं, सोडायची ती स्वतःच्या वजनानं. ऑपरेटरची मांडी आणि दंड पैलवानासारखे होत, कारण प्रत्येक लिव्हर म्हणजे डावपेच. शिवाय दोर फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. विहिरीवरच्या मोटेसारखं. मोट पाण्यात बुडते ती आपल्या भारानं, बैल काही तिला खाली दाबत नाही.

पोकलेननं दोर काढला आणि तेलाचा पाइप लावला. पंप तेल दाबतो, सिलिंडरातला दांडा पुढे सरकतो, तेल उलट बाजूनं सोडलं की मागे येतो. ओढतोही आणि दाबतोही. दात जमिनीत रोवून वरून जोर देता येतो, म्हणून मुरुमात घुसतो. दाब किती? साधारण अडीचशे बार आणि त्याच्याही वर. तुमच्या मोटारीच्या टायरात दोनच्या आसपास असतो, म्हणजे शंभरपटीहून जास्त. एवढ्या दाबाखालचं तेल करंगळीएवढ्या वाटेनं गेलं तरी मोठाले धोंडे उचलतं.

भारतात ही यंत्रं लार्सन अँड टुब्रोनं बनवायला घेतली. या कंपनीचीही एक गोष्ट आहे. लार्सन आणि टुब्रो हे दोन डॅनिश इंजिनिअर, १९३८ मध्ये मुंबईत भागीदार झाले. महायुद्ध संपल्यावर कॅटरपिलरची खूप यंत्रं लढाईतली शिल्लक म्हणून स्वस्तात निघाली. घ्यायची होती, पण एवढा पैसा दोघांच्या खिशात नव्हता. म्हणून भांडवल उभं करायला फेब्रुवारी १९४६ मध्ये कंपनी रीतसर नोंदवली. म्हणजे तिकडे बॅमफोर्ड लढाईचं भंगार वेल्ड करत होता तेव्हाच इकडे लढाईचे डोझर, म्हणजे पुढच्या पात्यानं माती ढकलणारी यंत्रं, विकत घ्यायला एल अँड टी कंपनी बनत होती. पुढे यांनीच फ्रेंचांच्या सहकार्यानं पोकलेन काढला. त्यांचं ९० सीके मॉडेल मी पेंचच्या कालव्यावर १९८२ मध्ये पाहिलं आणि त्या दिवशी जेवलो नाही.

का, ते सांगतो. त्या कालव्यावर तोवर बरंचसं मातीकाम वडार आणि बेलदार मंडळी करत. गाढवं, टोपली, पहार. हिशेब ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापानं. सकाळी खड्डा मोजायचा, संध्याकाळी मोजायचा. खड्ड्यात मधोमध मातीचा एक खांब मुद्दाम ठेवायचे, किती खोल गेलो त्याची खूण म्हणून. दुपारच्या सुट्टीत सगळे पोकलेनभोवती जमले. ऑपरेटर पंजाबकडचा होता, दोन लिव्हर दोन हातांत, नखानं धरल्यासारखे. एका कुटुंबाचं दिवसभराचं काम त्यानं आमच्या डोळ्यांदेखत चहा निवायच्या आत केलं आणि तो मधला खांबसुद्धा एका फटक्यात उचलून टाकला. शेजारी उभा असलेला म्हातारा मुकादम म्हणाला, "आता मोजाचं काय?" मला उत्तर आलं नाही. पुढच्या हंगामात ती मंडळी आमच्या साइटवर आली नाहीत.

फ्रेंच कंपनीचं पुढे बरं झालं नाही. पैशाची तंगी आली, १९७७ मध्ये अमेरिकेच्या केस कंपनीनं मोठा हिस्सा घेतला आणि काही वर्षांत खोदयंत्रांवरून पोक्लँ हे नाव पुसलं गेलं. हायड्रॉलिक मोटर बनवणारी शाखा तेवढी त्या नावानं आजही आहे. एल अँड टीनं नंतर जपानच्या कोमात्सूशी सोयरिक केली. आज तुमच्या शिवारात येईल तो पोकलेन टाटा हिताची असेल, कोमात्सू असेल, ह्युंदाई असेल, सानी असेल. जेसीबीनं बनवलेला पोकलेनही असेल! पोक्लँचा मात्र नसेल. मालक गेला, घर विकलं, पण पाटी आमच्या विदर्भातल्या पांदणीवर लागलेली.

आता तुमच्या पैशाचं. तुमच्याकडचा नाला म्हणजे वर काळी माती आणि खाली मुरूम, बरोबर? जेसीबी टायरवर चालतो, मागचा हात अर्धवर्तुळात फिरतो, खोली पंधरा-सोळा फूट. दर दोन-चार बकेटींनंतर टेकूचे जॅक उचल, पुढे सरक, जॅक टाक. वीस टनी पोकलेन साखळीवर चालतो, जागच्या जागी गोल फिरतो, वीस-बावीस फूट खोल जातो आणि बकेट चौपट-पाचपट मोठी. ओल्या काळ्या मातीत जेसीबी फसतो. वीस टनांचा पोकलेन फसत नाही, कारण रुंद साखळीखाली जमिनीवर येणारा दाब एका पायावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या तळव्याइतकाच असतो. म्हणून मोठं काम असेल तर भाव दुप्पट असूनही पोकलेन स्वस्त पडतो. पण तो आपल्या पायांनी येत नाही, ट्रेलरवर घालून आणावा लागतो आणि त्याचं भाडं वेगळं. तेव्हा शेजारच्या चार शेतकऱ्यांनी मिळून नाला आणि शेततळी एकदमच करा. एकट्याचं शे-दीडशे फुटांचं काम असेल तर जेसीबीच बरा.

आणि भाव ठरवताना आवर मीटरचा, म्हणजे इंजिन किती तास चाललं त्याचा, आकडा तुमच्या वहीत लिहा, सुरुवातीचा आणि शेवटचा. ऑपरेटर नाष्टा करताना इंजिन सुरू ठेवतो. मीटर धावत असते, बकेट नाही.

प्रश्न : ही सगळी यंत्रं पिवळीच का असतात? — इयत्ता नववी, इतवारी

लांबून दिसावीत म्हणून, बेटा. कॅटरपिलरची यंत्रं आधी करड्या रंगाची असत, १९३१ च्या शेवटी त्यांनी पिवळा घेतला. बॅमफोर्डनं १९५१ मध्ये घेतला. नियम असा कुठे नाही, टाटा हिताचीचे नारिंगी दिसतात. धुळीत आमचे सगळे मुरमाच्याच रंगाचे व्हायचे.

प्रश्न : माझे वडील उमरेडच्या कोळसा खाणीत होते. घरी "हॉलपॅक", "डोझर", "शॉवेल" हेच शब्द. ते सांगायचे, आमची यंत्रं परदेशी नाहीत, सरकारी आहेत. तुमच्या सदरात मात्र नेहमी विलायती कंपन्यांचंच पुराण असतं. आपल्या देशाचं काहीच नाही का? — उमरेड

टोला योग्य जागी लागला. तुमचे वडील बरोबर सांगायचे.

चीनशी युद्ध झालं १९६२ मध्ये, आणि दोनच वर्षांनी, मे १९६४ मध्ये, संरक्षण खात्याखाली भारत अर्थ मूव्हर्स (बीईएमएल) ही सरकारी कंपनी स्थापन झाली. मुख्यालय बंगळूर. खोदयंत्रांचा कारखाना कोलारच्या सोन्याच्या खाणींजवळ, केजीएफला. डोंगरात रस्ते करायचे तर डोझर पाहिजेत आणि ते दर वेळी परदेशातून मागवणं परवडणारं नव्हतं. तंत्र मात्र उसनं घ्यावंच लागलं. डोझर जपानच्या कोमात्सूचे, डंपर अमेरिकेच्या लेटूर्नो-वेस्टिंगहाउसचे. हॉलपॅक हे त्या अमेरिकी डंपरांचं व्यापारी नाव. पस्तीस टनी डंपर बीईएमएलच्या पाटीखाली तुमच्या उमरेडला धावला, पण जिभेवर बसलं ते अमेरिकी नाव. मोठे विजेचे दोरवाले शॉवेल रांचीच्या हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनचे, ४.६ घनमीटर बकेटचे, ते रशियन वळणाचे. म्हणजे एका खाणीच्या खड्ड्यात जपान, अमेरिका आणि रशिया एकाच पाळीत काम करत, आणि बाहेर पाटी हिंदीत. तिकडे शीतयुद्ध चालू होतं, इकडे तिघांना डिझेल आणि वीज आपणच पुरवत होतो.

मी खाणीत नोकरी केली नाही, पण वाडीला वर्कशॉप टाकल्यावर खाणीवरच्या ठेकेदारांचे सिलिंडर माझ्याकडे सील बदलायला यायचे. हॉलपॅकच्या सिलिंडरावरची काळी भुकटी धुवायलाच एक पोट्टा लागायचा.

बाकी नावांची हीच गंमत. मोठ्या टिप्परला आपण सर्रास हायवा म्हणतो. गाडी टाटाची किंवा लेलँडची. हायवा ही नेदरलँड्सची कंपनी, ती गाडी नाही, डाला उचलणारा सिलिंडर बनवते. पुढे डुलत चालणाऱ्या क्रेनला हायड्रा म्हणतो, ते एस्कॉर्ट्सनं आपल्या क्रेनला दिलेलं नाव, मग क्रेन कोणाचीही असो. आमच्या लेआउटमधला वॉचमन परवा फोनवर सांगत होता, "जेसीबी खोदून राहिला, हायवा भरून राहिला, हायड्रा पाइप उतरवून राहिली." एका वाक्यात तीन कंपन्या, आणि त्या तिघींपैकी एकीचंही यंत्र तिथे नव्हतं. मी जाऊन पाट्या पाहून आलो.

प्रश्न : मुलगा बारावी झाला. शिकायचं मन नाही, "जेसीबी चालवतो" म्हणते. त्याचे मामा म्हणतात महिन्यात शिकते, हेल्पर म्हणून ठेवून घ्या. मला भीती वाटते. काय करू? — एक आई, कामठी

ताई, धंदा वाईट नाही. चांगला ऑपरेटर आज मालकाला शोधत फिरत नाही, मालकच त्याला शोधतो. पण मामांचा महिना मला मान्य नाही. महिनाभरात लिव्हर हलवता येतात. जमिनीखाली केबल असेल, पाण्याची लाइन असेल, शेजारची भिंत कच्ची असेल, हे बकेटच्या दातातून हाताला कळायला दोन वर्षं जातात. प्रशिक्षण केंद्रातून रीतसर शिकू द्या, लायसन्स काढू द्या, आणि मग वर्षभर एखाद्या जुन्या ऑपरेटरच्या हाताखाली हेल्पर राहू द्या. ग्रीसिंग करू द्या. सांध्यांतल्या पिन-बुशला रोज ग्रीस न मारता जो थेट सीटवर बसतो, त्याचं यंत्र सहा महिन्यांत खुळखुळतं.

भीतीचं म्हणाल तर ज्याची तुम्हाला वाटते त्यापेक्षा निराळी गोष्ट सांगतो. यंत्र उलटतं, दरड कोसळते, ते सगळ्यांना दिसतं. माझं झालं ते दिसण्यासारखं नव्हतं. १९८७, कालव्याची साइट, रात्रीची पाळी. बूमचा, म्हणजे खोदणाऱ्या मोठ्या हाताचा, होस पाइप कुठेतरी पाझरत होता आणि कुठे ते दिसत नव्हतं. इंजिन सुरू, दाब पूर्ण, आणि मी डावा हात पाइपवरून फिरवला, गळती चाचपायला. बाभळीचा काटा लागावा तेवढंच झालं. रक्ताचा थेंबसुद्धा नाही. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून तेल चामडीच्या आत गेलं होतं. जवळच्या दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन परत पाठवलं. मीही खुशाल जेवून झोपलो. सकाळी हात कोपरापर्यंत सुजलेला. नागपूरला आणेस्तोवर दुपार झाली. तर्जनीची दोन पेरं गेली. लगेच फाडून तेल काढलं असतं तर बोट राहिलं असतं, हे मला नंतर एका सर्जननं सांगितलं. या जखमेत बाहेर काही नसतं, सगळं आतच असतं, आणि वेळ तासांत मोजायची असते.

म्हणून गळती हातानं शोधायची नाही. इंजिन बंद करायचं, लिव्हर हलवून उरलेला दाब सोडायचा. सुरू असतानाच बघायची वेळ आली तर लांबून पुठ्ठा फिरवायचा, तेल पुठ्ठ्यावर उमटतं. हे मुलाला त्याचा मालक सांगेलच असं नाही. तुम्ही सांगा, आणि पहिल्या दिवशी डब्यासोबत एक पुठ्ठा पिशवीत घाला. जुन्या वहीचं कव्हर नको, ते लहान पडतं; बुटांच्या खोक्याचं झाकण घ्या.